आपापल्या घरासमोरचा कोट
(मंडळीच्या कार्यात प्रत्येक सभासदाचा सहभाग : एक अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : नहेम्या २:११-१८, अध्याय ३, ५:१-१३.
पूरक वाचन : गणना ११:२४-२९, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ करिंथ १२:१२-२६ व १४:२६.
पाठाचा उद्देश : मंडळीतील गप्प बसणाऱ्या सभासदांना दोष देण्याऐवजी त्यांच्यासाठी जागा कशी करून द्यावी, हे शास्त्राच्या आधारे शिकणे.

प्रस्तावना

आपल्या मंडळीतील आठवड्याची घरगुती प्रार्थनासभा क्षणभर डोळ्यांसमोर आणा. वीस-पंचवीस माणसे जमली आहेत. पुढारी विचारतात, "कोणी साक्ष देणार का? कोणी प्रार्थना करील का?" सारे खाली पाहतात. मग नेहमीचेच दोघे-तिघे उठतात आणि त्यांच्या नेहमीच्याच प्रार्थना होतात. शेवटी चहा होतो, आणि घरी जाताना पुढारी पाळकसाहेबांना म्हणतात, "लोकांत पूर्वीसारखा उत्साह राहिला नाही."

ही तक्रार आपण सर्वांनीच कधी ना कधी केली आहे. प्रस्तुत लेखकानेही केली आहे. काही वर्षे अशा एका सभेचे पुढारीपण माझ्याकडे होते. आमच्या सभेला सीमाभागातील एका खेड्यातून आलेली एक वृद्ध भगिनी येत असे. तिच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळलेले असत. एकदा तिने मोठ्याने प्रार्थना केली. सभा संपल्यावर मी सद्हेतूनेच तिला दोन शब्द सुधारून सांगितले. जवळ उभे असलेले दोघे-तिघे हसले. त्यानंतर ती भगिनी सभेला नियमित येत राहिली, पण तिने पुन्हा तोंड उघडले नाही. माझ्या ते ध्यानातही आले नाही.

पुढे ती आजारी पडली, म्हणून आम्ही भेटीस गेलो. दार लोटलेले होते. आत ती अंथरुणावर बसून मोठ्याने प्रार्थना करीत होती. मंडळीतील एकेका घराचे नाव घेत होती. कोणाचे कर्ज, कोणाची सून, कोणाच्या मुलाची परीक्षा, सारे काही तिला ठाऊक होते. माझ्या घराचेही नाव आले. आम्ही उंबऱ्यातच थांबलो. नंतर मी तिची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, "देवाला कळतंय की, मास्तर. तुम्हांस्नी बरं वाटंल का न्हाई, म्हणून गप बसले."

ती प्रार्थना आमच्या सभेला कितीतरी वर्षे ऐकावयास मिळाली नाही. उत्साह तिच्यात होता, पण मी तिची वाट अडवली होती. तेव्हापासून 'लोक भाग का घेत नाहीत?' ह्या प्रश्नाबरोबर 'मी त्यांना कोठे अडवले?' हाही प्रश्न मी स्वतःला विचारू लागलो. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना नहेम्याच्या पुस्तकाचा मला फार उपयोग झाला. त्याचाच आज आपण अभ्यास करू.

१. आधी पाहणी, मग आमंत्रण (नहेम्या २:११-१८)

इ. स. पूर्वी सुमारे ४४५ साली, पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या यरुशलेमेस आला. शहराचा कोट पडलेला आणि वेशी जळालेल्या होत्या. आल्या आल्या त्याने सभा भरवली नाही, की लोकांना बोलही लावला नाही. तीन दिवस तो गप्प राहिला. मग रात्री थोड्या माणसांना बरोबर घेऊन त्याने पडझड स्वतः फिरून पाहिली. त्यानंतर तो लोकांशी बोलला, आणि बोलताना 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हणाला. दुर्दशा आपली आहे, कोटही आपणच बांधू, असे त्याचे म्हणणे होते.

पुढाऱ्यांनी व शिक्षकांनी हाच क्रम धरावा. एका वहीत सभेस येणाऱ्यांची नावे लिहावी. मागील तीन महिन्यांत कोणी वाचन केले, कोणी प्रार्थना केली, कोणाला काही विचारले गेले, ह्याची खूण करावी. बहुधा असे दिसून येईल की, ज्यांना आपण 'उदासीन' म्हणतो त्यांतील कित्येकांना आपण एकदाही काही विचारलेले नाही.

आपल्या मंडळ्यांत ह्या पाहणीचे एक विशेष कारणही आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मंडळ्यांत अनेक मुलामुलींचे शिक्षण कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात होते. घरी ती मराठी बोलतात, पण चारचौघांत मराठी शास्त्रभाग वाचताना अडखळतात. ऐन वेळी पुस्तक हातात दिले की ती लाजतात, आणि पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसतात. आपण म्हणतो, तरुणांना गोडी नाही. वास्तविक त्यांना भीती असते ती जोडाक्षरांची.

२. नेमके काम, जवळचे काम (नहेम्या ३)

तिसरा अध्याय वाचताना पुष्कळांना कंटाळा येतो, कारण त्यात नावांमागून नावे आहेत. पण तो बारकाईने वाचावा. कोटाच्या चाळीसच्या आसपास तुकड्या केलेल्या आहेत आणि प्रत्येक तुकडीपुढे कोणाचे तरी नाव आहे. 'सर्वांनी मिळून मदत करावी' अशी मोघम सूचना येथे नाही. अमक्या वेशीपासून तमक्या कोपऱ्यापर्यंत अमका, असे नेमून दिलेले आहे. 'कोणीतरी करा' असे म्हटले की कोणीच करीत नाही, हा आपल्या घरातलाही अनुभव आहे.

दुसरे असे की, कित्येकांना आपापल्या घरासमोरचाच भाग मिळाला (वचने १०, २३, २८-३०). मशुल्लाम नावाच्या एका माणसाने आपल्या खोलीसमोरचा भाग बांधला (वचन ३०). दुसऱ्या बाजूस जानोहाच्या रहिवाशांनी एक वेस बांधून शिवाय हजार हात कोट बांधला (वचन १३). दोघांचीही नावे एकाच यादीत आहेत. ज्याची जितकी शक्ती, तितके त्याचे काम.

आपल्या सभेत ह्याचा अर्थ काय? जो कधीच बोलला नाही, त्याला एकदम 'संदेश द्या' असे सांगू नये. त्याला त्याच्या घरासमोरचे काम द्यावे. रेल्वेत नोकरी करणाऱ्या बंधूला रात्रपाळीच्या कामगारांसाठी प्रार्थनाविषय मांडण्यास सांगावे. परिचारिका भगिनीला विचारावे की, ह्या आठवड्यात कोणासाठी प्रार्थना करावी? रोग्याचे नाव न घेता ती सांगू शकेल. ज्या मुलाला मराठी वाचन कठीण जाते, त्याला पाच वचने आठवडाभर आधी नेमून द्यावी आणि घरी दोनदा वाचून घ्यावी. त्याच्या घरासमोरचा कोट एवढाच आहे. तो बांधून झाला की तोच पुढची तुकडी मागेल.

३. 'हे काम ह्यांचे नव्हे' असे कोणाबद्दल म्हणावे?

कोट कोणी बांधला, ते पाहा. आरंभी प्रमुख याजक एल्याशीब व त्याचे भाऊबंद आहेत (वचन १). सोनार आणि सुगंधी द्रव्ये करणारा गांधी आहेत (वचन ८). व्यापारी आहेत (वचन ३२). आणि अर्ध्या जिल्ह्याचा अधिकारी शल्लूम ह्याच्याबरोबर त्याच्या मुली आहेत (वचन १२). ह्यांपैकी गवंडी कोण होता? सोनाराचे हात नाजूक कामाचे असतात आणि गांध्याला दगडांची सवय नसते. तरी 'तुम्हांला हे जमणार नाही' असे कोणी त्यांना म्हटले नाही.

एक जिल्ह्याचा अधिकारी उकिरड्याच्या वेशीची दुरुस्ती करताना दिसतो (वचन १४). मोठ्या माणसाने हलके काम करावे, आणि ज्याला आपण लहान समजतो त्याला मानाचे काम मिळावे, असा दोन्ही बाजूंनी बदल झाला, तरच सहभाग खरा. आपल्याकडे पुष्कळदा वाटणी ठरलेली असते. संदेश वडिलांनी द्यावा, चटया तरुणांनी घालाव्या, चहा बहिणींनी करावा. चटया घालणे व चहा करणे हाही सेवेचा भाग आहे, ह्यात संशय नाही. परंतु तीच माणसे वर्षानुवर्षे तेच करीत असतील, तर त्याला सहभाग न म्हणता सोय म्हणावे लागेल. एखाद्या आठवड्यात वडिलांनी चटया घालाव्या आणि महिला मंडळातील भगिनीने शास्त्रभाग उलगडून सांगावा.

तकोवा गावची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. तेथील श्रेष्ठ लोकांनी कामाला मान लावली नाही (वचन ५). नहेम्याने ते एका वाक्यात नोंदवले आणि तो पुढे गेला. त्यांच्यामागे तो धावला नाही, की बाकीच्यांपुढे त्यांची निंदा करीत बसला नाही. पुढे काय झाले? त्याच तकोवाच्या सामान्य लोकांनी आपला भाग संपवून दुसरी तुकडीही बांधली (वचन २७). आपल्या सभांत गैरहजर लोकांच्या नावाने जो वेळ जातो, तो हजर असलेल्यांच्या वाट्याचा असतो, हे लक्षात ठेवावे.

४. थांबण्याची शिस्त

पुष्कळ पुढारी विचारतात खरे, पण थांबत नाहीत. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात शाळांतील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा थोडा अधिक वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा प्रयोग येत्या रविवारीच करून पाहावा. प्रश्न विचारून मनात सावकाश पाच अंक मोजावे. ती शांतता प्रथम जड वाटेल. पण मूल त्या वेळात रिकामे बसलेले नसते. ते मनात वाक्य जुळवीत असते.

थांबण्यासाठी पुढाऱ्याला मनाचा मोठेपणा लागतो. एल्दाद व मेदाद हे दोघे निवासमंडपाकडे न जाता छावणीतच संदेश देऊ लागले, तेव्हा यहोशवाला ते खपले नाही. त्याने मोशेला त्यांना मना करण्याची विनंती केली. मोशेने उलट अशी इच्छा दाखवली की, परमेश्वराचे सारेच लोक संदेष्टे व्हावेत (गणना ११:२६-२९). आपल्यावाचून कोणी चांगले बोलले, तर आपल्याला आनंद होतो की मनात कोठे तरी टोचते? प्रत्येक पुढाऱ्याने हे देवासमोर एकांतात तपासावे.

भजनाचे उदाहरण घ्या. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांनी आपल्या उपासनेला अभंगांचा व भजनांचा ठेवा दिला. भजनात एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. ज्याला गळा नाही तो टाळ वाजवतो, ज्याच्याकडे टाळ नाही तो टाळ्या वाजवतो. पुढे म्हणणारा जर पालुपदही स्वतःच म्हणू लागला, तर ते भजन न राहता गाण्याचा जलसा होईल. सभेच्या पुढाऱ्याने आपली ओळ म्हणावी आणि मग श्वास घेण्यास थांबावे. पालुपद सर्वांचे आहे.

५. कुरकुर ऐकणे हाही सहभागच (नहेम्या ५, प्रे. कृ. ६)

काम जोरात चालले असताना पाचव्या अध्यायात एकाएकी मोठी ओरड उठते. गरिबांची शेते गहाण पडली आहेत, मुलेबाळे दास्यात जात आहेत, आणि सावकार दुसरे कोणी नसून आपलेच भाऊबंद आहेत. 'कोट पुरा होऊ द्या, मग पाहू' असे नहेम्या म्हणाला नाही. त्याने ऐकून घेतले, संतापला, मनाशी विचार केला आणि मोठी सभा भरवून सावकारांकडून शेते परत देण्याचे वचन घेतले. ज्याचे दुःख आपण ऐकत नाही, त्याच्या श्रमांवर आपला हक्क नाही, एवढे ह्यातून शिकावे.

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीतही असेच घडले. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. भाषेमुळे एक गट मागे पडत होता. प्रेषितांनी मंडळीलाच सात माणसे निवडण्यास सांगितले. निवडलेल्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातूनच जबाबदार माणसे निवडली गेली. मंडळीच्या जमाखर्चाबद्दल कुरकुर करणाऱ्या तरुणाला गप्प करण्यापेक्षा हिशेबाच्या कामात सामील करून घ्यावे. तो एक तर दोष दाखवील, नाही तर त्याचे समाधान होईल. दोन्हींत मंडळीचा लाभ आहे.

६. मंडळीच्या इतिहासातील एक दाखला

नहेम्याच्या काळी जे झाले ते पुढेही होऊ शकते, ह्याचे एक उदाहरण मेथडिस्ट चळवळीच्या आरंभी सापडते. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉन वेस्ली ह्यांच्या अनुयायांनी प्रार्थनामंदिर बांधले होते आणि त्याचे कर्ज फिटत नव्हते. १७४२ च्या फेब्रुवारीत त्यावर विचार करण्यास सभा भरली. प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी, असे फॉय नावाच्या कप्तानाने सुचवले. कित्येकांना तेवढेही देणे शक्य नाही, असा कोणी आक्षेप घेतला. तेव्हा कप्तान म्हणाला की, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना देता आले तर उत्तम, नाही तर त्यांचे मी भरीन.

अशा रीतीने बारा-बारांचे गट झाले आणि प्रत्येक गटाचा प्रमुख दर आठवड्यास घरोघर जाऊ लागला. तो जाई पेनीसाठी, पण तेथे त्याला आजार, भांडणे, व्यसने, निराशा दिसू लागली. वेस्लींनी ओळखले की, आपल्याला हवे होते ते हेच. लवकरच ते गट एकत्र बसू लागले, एकमेकांची विचारपूस व एकमेकांसाठी प्रार्थना करू लागले. सामान्य कामकरी माणसे आणि स्त्रियाही अशा गटांच्या प्रमुख झाल्या. जी माणसे मोठ्या सभेत कधीच बोलली नसती, ती अकरा ओळखीच्या माणसांत बोलू लागली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. गट लहान होता, आणि सर्वांत दुबळ्यांची जबाबदारी सुचवणाऱ्यानेच स्वतःवर घेतली होती. आपली सभा पंचवीसांची असेल, तर महिन्यातून एकदा तिचे तीन लहान गट करावे आणि सर्वांत अबोल माणसे सर्वांत अनुभवी पुढाऱ्याकडे द्यावी.

एक सावधगिरी

हे सर्व करताना कोणावर जुलूम करू नये. नुकतेच ज्याच्या घरी मरण झाले आहे, जो मनाने खचला आहे, ज्याच्यावर नवा संशय वा आरोप आहे, त्याला नुसते येऊन बसू देणे हीच त्या वेळी सेवा आहे. कोणी 'आज नको' म्हटले, तर हसून 'बरे' म्हणावे, पण पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. एकदा नकार मिळाला म्हणून कायमचे विचारणे सोडणे ही उपेक्षाच होय. त्याचप्रमाणे कोणी चुकीचे बोलले, तर सर्वांसमोर सुधारू नये. शिकवणुकीची मोठी चूक असेल तर घरी जाऊन प्रेमाने बोलावे. शब्दाची चूक असेल तर आपणच ती पोटात घालावी. ह्या बाबतीत माझी किंमत किती गेली, हे वर सांगितलेच आहे.

समारोप

बावन्न दिवसांत कोट पुरा झाला (नहेम्या ६:१५). नहेम्याने सर्व दगड स्वतः उचलले असते, तर त्याला आयुष्य पुरले नसते. शिवाय लोकांना तो कोट आपला वाटला नसता. आपल्या हातचा एक तरी दगड जेथे बसवलेला आहे, ती भिंत माणूस सहसा पडू देत नाही. आपल्या अनेक सभा एका माणसाच्या बळावर चालतात आणि तो बदलीवर गेला किंवा प्रभूकडे गेला की बंद पडतात. त्या अनेकांच्या हातांनी उभ्या राहाव्या, अशी प्रभूची इच्छा आहे. करिंथच्या मंडळीने जमावे तेव्हा प्रत्येकाजवळ काही ना काही असते, असे पौल गृहीत धरून लिहितो (१ करिंथ १४:२६). आपणही तेच गृहीत धरून सभेला जाऊ या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या सभेत मागील तीन महिन्यांत ज्यांचा आवाज ऐकू आला नाही, असे कोण आहेत? त्यांची नावे सभेत न घेता मनात आणा व प्रार्थना करा.
२. नहेम्या ३ मधील कोणता माणूस तुम्हांला सर्वांत जवळचा वाटतो? का?
३. आपल्या मंडळीत कोणती कामे ठराविक लोकांकडेच असतात? त्यांत काय बदल करता येईल?
४. भाषेमुळे, वयामुळे किंवा गरिबीमुळे आपल्यात कोणी मागे पडत आहे काय?

शब्बाथ शाळेसाठी

मोठ्या कागदावर कोटाचे चित्र काढून त्याचे, वर्गात जितकी मुले तितके, चौकोन करावे. प्रत्येक मुलाने आपल्या चौकोनात स्वतःचे नाव आणि ह्या आठवड्यात आपल्या घरी किंवा शेजारी करावयाचे एक काम लिहावे. पुढच्या रविवारी ज्याने काम केले त्याने आपला चौकोन रंगवावा. ज्याचा राहिला त्याला रागावू नये. त्याच्या शेजारच्या चौकोनातील मुलाला त्याची मदत करण्यास सांगावे.

ह्या महिन्यात करावयाची गोष्ट

प्रत्येक पुढाऱ्याने एका अबोल सभासदाच्या घरी जावे. काही काम सांगण्यासाठी जाऊ नये, ऐकण्यासाठी जावे. शक्य असल्यास 'माझ्यासाठी प्रार्थना करा' अशी विनंती करावी आणि मग आपण गप्प बसावे.

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हां प्रत्येकाला आपल्या शरीराचा अवयव केले आहेस. ज्यांना आम्ही दुर्बळ समजलो, त्यांची आम्ही क्षमा मागतो, आणि तुझीही. आम्हांला थांबावयास, ऐकावयास व जागा करून द्यावयास शिकव. आमेन.